महापौर, आयुक्त आणि सुधारणेचा मालक

डिसेंबर २०१५ च्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातल्या काही मोठ्या महापालिकांपुढे एकच प्रस्ताव आला होता. केंद्राच्या स्मार्ट सिटी अभियानात उतरायचं असेल, तर पालिकेनं स्वतंत्र कंपनी काढावी, तीत राज्य सरकार आणि पालिका यांचा निम्मा-निम्मा वाटा असावा आणि अभियानातल्या कामांपुरते सभागृहाचे अधिकार त्या कंपनीकडे सोपवावेत. पुण्याच्या सर्वसाधारण सभेनं हा विषय थेट जानेवारीपर्यंत तहकूब केला. दिल्लीला प्रस्ताव पाठवायची मुदत डिसेंबरच्या मध्यातच संपत होती, त्यामुळे राज्य सरकारनं आदेश देऊन विशेष सभा घ्यायला लावली. तासन्‌तास चर्चा झाली आणि उपसूचना जोडून प्रस्ताव मंजूर झाला. नवी मुंबईच्या सभागृहानं कंपनीची कल्पनाच फेटाळली. मुंबईत सत्तेवर असलेल्या शिवसेनेनं कंपनीच्या रचनेला हरकत घेतली. अभियानासाठी निवडलेल्या शंभर शहरांत मुंबईही नाही आणि नवी मुंबईही नाही. पुणे मात्र पहिल्याच फेरीत देशात दुसरं आलं.

त्या आठवड्यांत सुशिक्षित घरांमध्ये एक वाक्य वारंवार ऐकू येत होतं: ‘यांना सुधारणा नकोच आहेत, यांना टक्केवारी हवी आहे.’ यातला राग मी समजू शकतो. महापालिकेच्या निविदांचा इतिहास ज्याला थोडाही ठाऊक आहे, तो या वाक्यावर तुटून पडणार नाही. तरीही हे निदान मला अपुरं वाटतं, आणि अपुऱ्या निदानावर उभं राहिलेलं औषध गेली पंचवीस-तीस वर्षं आपण शहरांना पाजत आहोत. महापौर आणि नगरसेवक चांगल्या व्यवस्थापनाच्या विरोधात का जातात, हे त्यांच्या नियतीवरून जेवढं कळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त त्यांच्या खुर्चीच्या घडणीवरून कळतं. ज्या खुर्चीला सुधारणेचं श्रेयही मिळत नाही आणि ती फसली तर जाबही द्यावा लागत नाही, त्या खुर्चीवर कोणीही बसलं तरी सुधारणेकडे ती परक्या नजरेनंच पाहणार.

ही खुर्ची नेमकी आहे तरी काय? मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. राज्यातल्या बाकीच्या महापालिका १९४९ च्या कायद्यावर चालतात आणि त्याचा साचा मुंबईचाच आहे. दोन्ही कायद्यांत कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत. आयुक्त राज्य सरकार नेमतं, राज्य सरकारच बदलतं. पैशांच्या मोठ्या निर्णयांवर मोहर उमटते ती स्थायी समितीची आणि त्या समितीचा अध्यक्ष वेगळा असतो. महापौर सभा चालवतो, समसमान मतं पडली तर निर्णायक मत देतो, पाहुण्यांचं स्वागत करतो, शहराच्या वतीनं हार घालतो आणि घेतो. त्याची मुदत अडीच वर्षांची. पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव असेल हे मंत्रालयात सोडत काढून ठरतं, त्यामुळे आपण महापौर होऊ शकतो की नाही हे निवडणुकीआधी अनेकदा ठाऊकही नसतं. शहरातला सामान्य माणूस मात्र रस्त्यातल्या खड्ड्यासाठी, नळाला न येणाऱ्या पाण्यासाठी महापौरालाच दोष देतो, कारण ‘शहराचा प्रथम नागरिक’ ही पदवी त्यानं ऐकलेली असते.

या रचनेला ब्रिटिशांचा डाव म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे सवय आहे. गोष्ट तेवढी सोपी नाही. १८६५ नंतर मुंबईचे पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी शहराचा कायापालट करायला घेतला, गटारं, बाजार, रस्ते यांच्यावर सढळ हातानं खर्च केला आणि १८७१ पर्यंत करदात्यांचा संयम संपला. त्या वर्षी शहरात मोठं आंदोलन उभं राहिलं. क्रॉफर्ड यांना हटवा आणि कारभार समितीकडे द्या, असा बहुतेकांचा सूर होता. त्याच वेळी पंचवीस-सव्वीस वर्षांचे फिरोजशहा मेहता उभे राहिले आणि श्रोत्यांना न रुचणारी गोष्ट त्यांनी सांगितली: दोष एकट्या कार्यकारी अधिकाऱ्याच्या पद्धतीत नाही, त्याच्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या नेभळटपणात आहे. अंमलबजावणी एका जबाबदार माणसाच्या हाती ठेवा, पण त्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडलेले प्रतिनिधी बसवा आणि हिशेबांवर स्वतंत्र पहारा ठेवा. पुढे १८८८ चा कायदा झाला तेव्हा त्याच्या घडणीतही मेहतांचा वाटा होता. आज महापालिका मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा आहे, तो उगाच नाही.

मेहतांच्या मांडणीचे दोन पाय होते, सक्षम अधिकारी आणि त्याला वठणीवर ठेवणारं निर्वाचित सभागृह. स्वातंत्र्यानंतर पहिला पाय आपण नीट जपला, दुसरा वाळू दिला. सभागृहानं अधिकाऱ्याला जाब विचारायचा, तर त्या अधिकाऱ्याचं भवितव्य काही अंशी तरी सभागृहाच्या हाती हवं. कायद्यात तशी तरतूद आहेही. एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केला तर सरकारनं आयुक्ताला परत बोलवावं, असं कायदा म्हणतो. २५ ऑक्टोबर २०१६ ला नवी मुंबईच्या सभागृहानं आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध असा ठराव प्रचंड बहुमतानं मंजूर केला. राज्य सरकारनं तो स्थगित केला. पुढे मार्च २०१७ मध्ये सरकारनंच त्यांना पुण्याच्या पीएमपीएमएल या बस कंपनीत पाठवलं. दोन्ही निर्णय मंत्रालयात झाले. नवी मुंबईतल्या नागरिकांनी आयुक्ताच्या बाजूनं मोर्चा काढला होता आणि त्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. पण एक प्रश्न तेव्हा विचारला गेला नाही: आयुक्त चांगला म्हणून सभागृहाचं मत बाजूला ठेवायचं असेल, तर वाईट आयुक्त आल्यावर ते मत कुठून आणायचं?

व्यवस्थापकीय सुधारणा हा शब्द आपण सैल वापरतो. तिचं मूळ शोधायचं तर १९८० च्या दशकात नेदरलँड्समधल्या टिलबर्ग या शहराकडे पाहावं लागतं. तिथं नगरपालिकेचा कारभार एखाद्या उद्योगसमूहासारखा बांधायचा प्रयत्न झाला. प्रत्येक खात्याला उद्दिष्ट, त्यासाठी ठरलेली रक्कम आणि वर्षाअखेर निकाल. काय साधायचं ते निवडून आलेल्यांनी ठरवायचं, कसं साधायचं ते अधिकाऱ्यांनी. १९९० च्या दशकात जर्मनीतल्या शेकडो शहरांनी या पद्धतीवरून स्वतःचं ‘नवं नियंत्रण प्रारूप’ घडवलं. त्याच सुमारास तिथं आणखी एक गोष्ट घडत होती आणि आपल्याकडच्या चर्चेत ती कधी येत नाही. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया या मोठ्या राज्यात दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांच्या प्रभावानं दोन शेंड्यांची व्यवस्था आली होती: मानाचा महापौर एकीकडे, प्रशासन चालवणारा नगर-संचालक दुसरीकडे. आपल्या महापौर-आयुक्तांशी तिचं बरंच साम्य होतं. १९९४ च्या कायद्यानं ती मोडायला घेतली गेली आणि १९९९ पासून लोकांनी थेट निवडलेला पूर्णवेळ महापौरच प्रशासनाचा प्रमुख झाला. नवं व्यवस्थापन आणि जबाबदार महापौर या दोन्ही गोष्टी एकाच दशकात, हातात हात घालून आल्या.

अमेरिकेत १९१४ मध्ये डेटन या शहरानं पुराच्या धक्क्यातून सावरताना व्यावसायिक नगर-व्यवस्थापकाची पद्धत स्वीकारली आणि पुढे ती हजारो गावांत पसरली. आपला आयुक्तही व्यावसायिक व्यवस्थापकच, असं वरवर वाटतं. फरक एकच आणि तोच निर्णायक आहे. तिथं व्यवस्थापकाला नगर परिषद नेमते आणि नगर परिषदच काढते. आपल्याकडे व्यवस्थापक शहराचा, पण त्याचा मालक मंत्रालयात. त्यामुळे आयुक्तानं आणलेली प्रत्येक सुधारणा महापौराला बाहेरून आलेली वाटते आणि खरं सांगायचं तर ती बाहेरून आलेलीच असते.

महापौर आणि नगरसेवक सगळ्याच सुधारणांना सारखा विरोध करत नाहीत, हेही नीट पाहायला हवं. जे उद्‌घाटन करण्याजोगं आहे, त्याचं स्वागत होतं. नियंत्रण कक्ष, मोबाइल ॲप, एलईडी दिवे, ई-बस यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर महापौराचं नाव असतं. जे कळत नाही, ते मुकाट्यानं मंजूर होतं. डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू अभियान आलं तेव्हा निधीच्या बदल्यात केंद्रानं सुधारणांची यादीच दिली होती. तीत द्विनोंदी लेखापद्धती होती. पालिकेनं रोख जमा-खर्चाच्या वहीऐवजी मालमत्ता, देणी, घसारा यांसह ताळेबंद मांडावा, ही खरोखर मोठी उलथापालथ होती. एखाद्या सभागृहात तिच्यावरून रात्रभर चर्चा रंगल्याचं मी ऐकलेलं नाही. विषय वाचला गेला, मंजूर झाला. माझ्या मते इथंच सगळ्यात मोठी संधी गेली, कारण महापौराच्या हाती लागू शकणारं सगळ्यात धारदार हत्यार तेच होतं. कोणत्या प्रभागात दरडोई किती खर्च झाला, कोणत्या खात्याची देणी साचली, ठेकेदाराची कोणती बिलं वर्षानुवर्षं पडून आहेत, हे ज्याला ताळेबंदातून वाचता येतं त्याला आयुक्तापुढे आवाज चढवावा लागत नाही. पण तो ताळेबंद सभागृहाच्या कामाचा भाग झाला नाही. तो लेखा विभागाच्या कपाटात आणि केंद्राला पाठवायच्या तक्त्यात राहिला.

मग कडवा विरोध कशाला होतो? अनेकांना वाटतं पैशाला. मला वाटतं तक्रारीला. नगरसेवकाचं राजकारण निविदेवर चालत असेल, पण त्याचं अस्तित्व चालतं ते सकाळी दारात अर्ज घेऊन उभ्या असलेल्या माणसावर. ड्रेनेज तुंबलंय, दाखला अडलाय, कचऱ्याची गाडी येत नाही. नगरसेवक क्षेत्रीय कार्यालयात फोन लावतो, मुकादमाला खडसावतो, काम होतं आणि माणूस पुढच्या निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतो. महापौर म्हणजे अशाच नगरसेवकांपैकी एक आणि अडीच वर्षांनी तो पुन्हा त्यांच्यातच जाऊन बसणार आहे. आता २०१३ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये डॉ. श्रीकर परदेशी आयुक्त असताना सुरू झालेल्या ‘सारथी’ हेल्पलाइनकडे पाहा. फोन करा, तक्रार नोंदवा, तिचा पाठपुरावा होईल. नवी मुंबईत मुंढे यांनी ‘वॉक विथ कमिशनर’ सुरू केलं: आयुक्त सकाळी बागेत फिरायला येतात आणि नागरिक थेट त्यांच्याशी बोलतात. नागरिकाच्या दृष्टीनं दोन्ही गोष्टी उत्तम. कोणाच्या दारात न जाता आपलं काम होणं यात मोठी प्रतिष्ठा आहे आणि ती प्रतिष्ठा मला कुठल्याही नगरसेवकाच्या सोयीपेक्षा महत्त्वाची वाटते. पण या रचनेत नागरिक आणि अधिकारी यांच्यामधून निवडून आलेला माणूस गळून पडला, आणि त्या बदल्यात त्याला कोणतीच नवी भूमिका दिली गेली नाही.

ती देता आली असती. हेल्पलाइनवर आलेल्या हजारो तक्रारींचा महिन्याचा गोषवारा प्रभागवार महासभेपुढे ठेवला असता, तर नगरसेवकाचं काम एका ड्रेनेजसाठी फोन लावण्यावरून ‘माझ्या प्रभागात ड्रेनेजच्या तक्रारी सतत का येतात’ हे विचारण्याकडे सरकलं असतं. ते काम त्याच्या पदाला अधिक शोभणारं आहे. पण त्याला या नव्या कामात सामील करून घेण्याचा विचार सुधारणा आखणाऱ्यांच्या मनात आला नाही, कारण त्यांच्या मनात नगरसेवक हा अडथळाच होता. ज्याला अडथळा मानून आपण वळसा घालतो, तो पुढे अडथळ्यासारखाच वागतो, यात नवल ते काय?

यात वेळेचं एक गणितही आहे आणि त्याकडे फारसं कोणी पाहत नाही. मालमत्ता कराचंच घ्या. २०१८ मध्ये नाशिकमध्ये मुंढे आयुक्त होते आणि कर आकारणीचे दर वाढले, मोकळ्या जागांवरही बोजा आला. शहर पेटलं. सत्ताधारी पक्षाच्याच नगरसेवकांनी अविश्वासाची तयारी केली आणि मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून ती मागे घेतली. नोव्हेंबरात आयुक्तांची बदली झाली. अर्थशास्त्र सांगतं की पालिकेचं स्वतःचं उत्पन्न वाढल्याशिवाय शहर स्वायत्त होत नाही. ते खरंच आहे. पण अडीच वर्षांच्या महापौराच्या जागी उभं राहून पाहा. करवाढीचा संताप पहिल्या महिन्यापासून त्याच्या वाट्याला येणार. वाढलेल्या उत्पन्नातून होणारी जलवाहिनी किंवा मैलाशुद्धीकरण प्रकल्प चार-पाच वर्षांनी उभा राहणार, तेव्हा त्याची मुदत कधीच संपलेली असणार. निर्णय आयुक्ताचा, श्रेय पुढच्याचं, शिव्या याच्या. असा सौदा शहाणा माणूसही नाकारेल. आयुक्ताला तो परवडतो, कारण त्याला त्या शहरात मत मागायचं नसतं.

आणि शहरांच्या स्वतःच्या उत्पन्नाचं तरी काय झालं? जकात गेली, तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. व्यापाऱ्यांनी बंद पुकारले. ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही गेला. मुंबईची जकात जुलै २०१७ मध्ये जीएसटीबरोबर संपली आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं मुंबई महापालिकेला नुकसानभरपाईचा सुमारे ६४७ कोटींचा पहिला धनादेश दिला. पैसे आले, पुढेही येत राहिले. पण कर लावणारी पालिका धनादेशाची वाट पाहणारी झाली. ज्याला उत्पन्न उभारायचं नाही, त्याला खर्चाची शिस्त शिकवणं अवघड असतं. स्वतःच्या तिजोरीची चिंता नसलेल्या महापौरानं कार्यक्षमतेवर प्रेम करावं, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

आता टक्केवारीकडे. ती आहे. ई-निविदेला, ऑनलाइन बांधकाम परवानगीला, बदल्यांच्या नियमांना जो विरोध होतो, त्यातला मोठा भाग उघड स्वार्थाचा असतो. आयत्या वेळचे विषय म्हणून कोट्यवधींचे प्रस्ताव चर्चेविना मंजूर होतात, वर्षाच्या मध्यावर वर्गीकरणाच्या नावाखाली एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळतात आणि हे महापौराच्या डोळ्यांदेखत, त्याच्या अध्यक्षतेखाली घडतं. याचा बचाव मी करणार नाही. एवढंच विचारीन की ही रोगट वाढ कुठल्या मातीत झाली? ज्या सभागृहाला धोरण ठरवायचा अधिकार नाही, ते कामांच्या वाटपातच आपली सत्ता शोधणार. पाठीशी जबाबदारी नसलेली सत्ता म्हणजे अडवणूक करण्याची सत्ता, आणि अडवणुकीला बाजारात किंमत मिळते. खऱ्या जबाबदारीनं भ्रष्टाचार आपोआप संपत नाही, हे मला माहीत आहे. पण निदान निवडणुकीच्या दिवशी कोणाला शिक्षा करायची हे मतदाराला ठाऊक असतं. आज ते त्याला ठाऊक नाही.

माझं गाऱ्हाणं महापौरांशीही आहे, आणि ते टक्केवारीपेक्षा खोल आहे. त्यांनी अधिकार कधी मनापासून मागितलेच नाहीत. १९९८ मध्ये राज्य सरकारनं मुंबई आणि नागपुरात महापौर-परिषद पद्धत आणली. महापौर आणि त्याचे निवडक सहकारी एखाद्या मंत्रिमंडळासारखे कारभार चालवणार होते. वर्षभरात तो प्रयोग गुंडाळला गेला. सत्ता मोजक्या हातांत एकवटते, विरोधकांना जागा उरत नाही, अशी तक्रार होती आणि ती अगदी पोकळ नव्हती. पण ही पद्धत दुरुस्त करून टिकवावी, म्हणून सर्वपक्षीय महापौर एकत्र येऊन मंत्रालयावर गेले, असं काही घडलं नाही. जुनी व्यवस्था सगळ्यांनाच सोयीची होती. चांगलं झालं तर महापौराचा फोटो, वाईट झालं तर ‘प्रशासन ऐकत नाही’. प्रशासन ऐकत नाही, या तीन शब्दांच्या आडोशाला आपल्या शहरांचं एक पूर्ण राजकारण वाढलं.

कोलकात्यानं वेगळा रस्ता धरला. १९८० चा त्यांचा कायदा १९८४ पासून अमलात आला आणि तिथं महापौर-परिषदच कार्यकारी आहे, आयुक्त तिच्या हाताखाली काम करतो. २००० ते २००५ या काळात सुब्रत मुखर्जी महापौर होते. करवसुलीची शिस्त आणि पाण्यासाठी आकार या गोष्टी त्यांनी हाती घेतल्या, आणि पाण्याच्या आकारावरून स्वतःच्या पक्षाच्या नेतृत्वाशी त्यांचं बिनसलं. लोकप्रिय नसलेली सुधारणा निवडून आलेल्या महापौरानं पक्षाशी वैर पत्करून पुढे रेटावी, असं उदाहरण महाराष्ट्रातल्या महापालिकांत मला सहज आठवत नाही. आपली माणसं कमी धैर्याची आहेत म्हणून हे झालं असं मी मानत नाही. मुखर्जींच्या खुर्चीला शहराचा हिशेब चिकटलेला होता. कोलकात्याची महापालिका आदर्श आहे असंही मला सुचवायचं नाही, तिचे दोष तिथले लोकच सांगतील. पण तिथं सुधारणेचं वादळ सभागृहाच्या आत उठलं, आयुक्त विरुद्ध सगळे असं झालं नाही.

आणि महाराष्ट्रात अशी माणसं घडतच नाहीत असंही नाही. कऱ्हाडजवळचं मलकापूर हे छोटं गाव. नगरपंचायत असताना तिथं चोवीस तास पाणी देणारी, घरोघरी मीटर बसवलेली योजना झाली. जितकं जास्त पाणी वापराल तितका चढा दर. हीच मीटरची गोष्ट मोठ्या शहरांत निघाली की राजकीय भूकंप होतो. मलकापुरात ती स्थानिक पुढाऱ्यांनी स्वतः पुढे होऊन लोकांच्या गळी उतरवली. याचं एक कारण मला कायद्यात दिसतं. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात नगराध्यक्षाला आर्थिक आणि प्रशासकीय कारभारावर देखरेख करायचं कर्तव्य दिलेलं आहे, मुख्याधिकारी त्याच्या नजरेखाली काम करतो. त्याला पाण्याचा हिशेब आपला वाटू शकतो. गंमत अशी की छोट्या गावाच्या अध्यक्षाला कायदा जेवढं मोठं मानतो, तेवढं तो लाखो लोकवस्तीच्या शहराच्या महापौराला मानत नाही. नगराध्यक्षांच्या बाबतीतही सरकारांनी धरसोड केलीच. २००१ मध्ये थेट निवड, २००६ मध्ये ती रद्द, २०१६ मध्ये पुन्हा, २०२० मध्ये रद्द, २०२२ मध्ये परत आणली. ज्या पक्षाला ज्या वर्षी जे सोयीचं, तो त्या वर्षीचा कायदा. पण निदान त्या पदाला काही वजन आहे म्हणून तरी त्याच्यावरून भांडण होतं.

व्यवस्थापनच सर्व काही आहे असं मानणाऱ्यांना एक निखळ प्रयोगही पाहायला मिळाला. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांच्या मुदती संपल्या आणि निवडणुका न्यायालयीन पेचात अडकल्या. जवळपास चार वर्षं आयुक्तच प्रशासक होते: स्थायी समिती तेच, महासभा तेच, प्रस्ताव मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच. अडवणारा कोणी नव्हता. मुंबईचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं, अनेक राज्यांच्या तोडीचं, आणि त्यावर निवडून आलेल्या एकाही माणसानं सभागृहात उभं राहून प्रश्न विचारला नाही. राजकीय हस्तक्षेपच अडचण असता, तर या चार वर्षांत आपली शहरं न्हाऊन निघायला हवी होती. रस्ते तसेच खणलेले होते. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत धरणाचं पाणी रात्री-पहाटे घरांत शिरलं, तेव्हा जाब कोणाला विचारायचा हे लोकांना कळेना. राजकारण काही संपलं नव्हतं, ते पालिकेतून उठून पालकमंत्र्यांच्या आणि आमदारांच्या दारात जाऊन बसलं होतं. तिथं ना विषयपत्रिका असते, ना इतिवृत्त.

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं आणि सभागृहं पुन्हा भरली. आता सुधारणा कुठून सुरू व्हायला हव्यात याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. महापौराची मुदत पाच वर्षांची हवी आणि आयुक्ताच्या वार्षिक मूल्यमापनात सभागृहाचा लेखी अभिप्राय बंधनकारक हवा. आयुक्ताची नेमणूक सरकारनं केली तरी नावांच्या यादीतून निवड महापौरानं करावी, मग तो आयुक्त फसला तर महापौराला हात वर करता येणार नाहीत. सभागृहाचा ठराव विखंडित करायचा १९४९ च्या कायद्यातल्या कलम ४५१ चा अधिकार सरकारनं वापरलाच, तर त्याची कारणं जाहीर करावीत. आणि क्षेत्रसभा. २००९ मध्ये महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती करून प्रभागातल्या मतदारांच्या सभांची तरतूद केली. त्या सभा प्रत्यक्षात आल्याच नाहीत. नेहरू अभियानासोबत आलेल्या केंद्राच्या यादीतली ही एकच सुधारणा सामान्य माणसाला थेट बळ देणारी होती आणि तिच्या बाबतीत नगरसेवक, आयुक्त आणि मंत्रालय या तिघांचं पूर्ण एकमत झालेलं दिसतं. कोण सुधारणेच्या बाजूचा आणि कोण विरोधातला, हे तपासायचं असेल तर ताळेबंद किंवा ॲप विचारू नका, क्षेत्रसभा कधी घेणार ते विचारा.

कायदा बदलायला वेळ लागेल, बदलेलच असंही नाही. पण आजच्या कायद्यातही महापौराच्या हाती एक गोष्ट आहे: सभा त्याच्या अध्यक्षतेखाली चालते. पहिल्या सहा महिन्यांत एखाद्या महापौरानं एवढं जरी केलं, की दर तीन महिन्यांनी प्रभागवार खर्चाचा आणि तक्रारींचा तक्ता महासभेपुढे आल्याशिवाय आयत्या वेळचा एकही विषय घ्यायचा नाही, तरी आयुक्ताला त्याच्याशी वेगळ्या भाषेत बोलावं लागेल. त्याच्याच पक्षाचे नगरसेवक आधी त्याच्यावर चिडतील. मुंबईहून फोन येतील. शहरातल्या लोकांनी त्या वेळी त्याच्या बाजूनं रस्त्यावर यावं, जसे ते आवडत्या आयुक्तांच्या बदलीच्या वेळी येतात.